डिस्क्रिपन्सी निघाली

माझ्या कामात डिस्क्रिपन्सी हा शब्द दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी येतो. एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन करते मी, एकवीस वर्षं झाली, आधी फोर्टातल्या एका गल्लीत आणि आता नवी मुंबईत. न्हावा शेवाहून माल जातो त्याचे कागद बनवायचे, तपासायचे आणि बँकेत लावायचे. सकाळी टेबलाशी बसलं की पहिला प्रश्न हाच, काल लावलेला कागदांचा सेट क्लीन, म्हणजे आक्षेपाशिवाय, गेला का, आणि पुष्कळदा उत्तर येतं, ‘नाही ना मॅडम, डिस्क्रिपन्सी निघाली.’ म्हणजे एका कागदावरचं दुसऱ्याशी जुळलं नाही. निघाली असंच म्हणतो आम्ही. चूक होते, फरक पडतो, घोळ होतो, पण डिस्क्रिपन्सी मात्र निघते, विहिरीतून गाळ निघावा तशी, म्हणजे ती आत होतीच, कोणीतरी ती वर काढली इतकंच. इतकी वर्षं हा शब्द मी कीबोर्डवर न बघता टाईप करत आले आणि त्याच्याबद्दल कधी काही वाटलं नव्हतं.

मग मागच्या वर्षी एका दुपारी आईचा सांगलीहून फोन आला. ‘अगं, माझ्या नावात डिस्कीपन्सी आहे म्हणतायत.’

माझ्या आईच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला, आणि माझ्या ऑफिसातला रोजचा शब्द एकदम परका वाटायला लागला. बाबा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. फॅमिली पेन्शनसाठी ती बाबांच्या जुन्या ऑफिसात दोनदा जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा परत पाठवली होती. मी म्हटलं, ‘काय जुळत नाहीये?’ तर म्हणाली, ‘मीच जुळत नाहीये म्हणे.’

आता आधी नावाचं सांगते. आईचं माहेरचं नाव कुसुम. १९७४ साली लग्न झालं आणि गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाला, ताटात तांदूळ पसरून बाबांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात ‘शालिनी’ लिहिलं. पेढे वाटले गेले आणि त्या क्षणापासून ती शालिनी झाली. आपल्याकडे किती घरांत हे असंच झालेलं आहे, माझ्या दोन्ही काकूंचं, मावशीचं, शेजारच्या आजींचं. तांदळातलं नाव, ताट हललं की गेलं, त्याची नोंद कुठे नाही. शाळेच्या दाखल्यावर ती कुसुम. बाबांच्या सर्व्हिस बुकात १९७८ साली कोणा क्लार्कनं शाईच्या पेनानं लिहिलंय ‘शालिनीबाई’, म्हणजे त्यानं आदरानं बाई लावलं, साहेबांच्या मिसेस म्हणून, आणि तो आदर आता तिच्या नावाचा भाग होऊन बसला. बँकेच्या पासबुकात इंग्रजी स्पेलिंगमध्ये डबल ई, पॅन कार्डावर त्याच जागी आय. आधारवर मराठीत ‘शालीनी’, ली दुसरी. एकाच बाईची ही पाच नावं, आणि त्यातलं एकही खोटं नाही.

तिसऱ्या खेपेला मी रजा टाकून तिच्याबरोबर गेले. जिना दोन मजले. आईच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे, प्रत्येक पायरीला गुडघा कट्कट् वाजतो, मागून चढताना मला तो ऐकू येत होता. वर बाकावर आम्ही तासभर बसलो. मग काउंटरवरच्या मुलानं फाईल उघडली आणि मोठ्यानं हाक मारली, ‘शालिनीबाई कोण आहेत?’ आई उठली, पदर सावरला, पुढे गेली. आणि त्याच मुलानं, तिच्याकडे बघून, अगदी सौम्यपणे सांगितलं, ‘मावशी, नाव मॅच होत नाहीये हो.’

मी ते विसरू शकत नाही. त्यानं हाक मारली आणि ती उठली. माणसाचं नाव असतं कशासाठी, दुसऱ्यानं हाक मारावी आणि आपण ओ द्यावी यासाठीच ना? ते काम त्या नावानं तिथे, त्याच्यासमोर, चोख केलं होतं. तो मुलगा वाईट नव्हता, खरंच नव्हता, त्यानं आईला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि म्हणाला, ‘माझ्या हातात नाही, सिस्टीम घेत नाही.’ त्याच्या समोर स्क्रीनवर एक नाव, फाईलीत दुसरं, आणि दोन्हीच्या मधे उभी माझी आई, जी या कामात कोणत्याच कागदासारखी धरली जात नव्हती.

त्या रात्री परतीच्या गाडीत झोप लागली नाही म्हणून मी हा शब्द शोधत बसले, कुठून आला, मूळ काय. मूळ लॅटिन निघालं. ‘क्रेपारे’ म्हणजे वाजणं, खडखडणं, तडकल्याचा आवाज होणं, आणि त्याला आधी ‘डिस’ लावलं की वेगळं वाजणं, न जुळणारं वाजणं. तंतुवाद्य नीट लागलं नाही, दोन बासऱ्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर लॅटिन लिहिणारे हा शब्द वापरायचे. म्हणजे शब्द मुळात कानाचा आहे, डोळ्याचा नव्हे. आणि याच ‘क्रेपारे’च्या घरातला दुसरा शब्द मला आधीच माहीत होता, क्रेपिटस. आईच्या गुडघ्यावर तळहात ठेवून, पाय वाकवायला लावून हाडांच्या डॉक्टरांनी तो उच्चारला होता, ‘क्रेपिटस आहे, झीज झालीये.’ जिन्यावर जो आवाज मी ऐकत होते तो, आणि वर गेल्यावर काउंटरवर जो शब्द ऐकला तो, दोन्ही एकाच धातूचे! मला हे कळलं तेव्हा आनंद झाला की वाईट वाटलं ते नीट सांगता येणार नाही, पण मी मोबाईल बाजूला ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

मराठीत आपण डिस्क्रिपन्सीला तफावत म्हणतो, अरबीतून फारसीच्या वाटेनं आलेला शब्द, मापात तफावत, हिशोबात तफावत. सरकारी मराठीत विसंगती म्हणतात. आणि विसंगती या शब्दाकडे जरा थांबून बघितलं की त्यातही संगत आहेच, तबल्याची संगत, पेटीची साथसंगत, जिथे संगत सुटली ती विसंगती. आणखी जवळचा शब्द म्हणजे विसंवाद. एकत्र नीट वाजलं तर संवाद, नाही तर विसंवादी सूर. लॅटिनवाल्यांनी जे कानानं ऐकलं तेच आपल्यावाल्यांनीही ऐकलं होतं. आई भजनी मंडळात आहे, दर एकादशीला टाळ घेऊन बसते, तीसेक बायका असतात आणि एकीचा टाळ जरा मागे पडला की सगळ्यांना कळतं, कोणाला कागद बघायला लागत नाही.

आणि आईच्या नावाचं तर कानाला काहीच वेगळं लागत नाही. डबल ई असो की आय, पहिली असो की दुसरी, बोलून बघा, शालिनी ते शालिनीच. ज्या शब्दाचा मूळ अर्थच वेगळं ऐकू येणं, तो शब्द अगदी सारख्या ऐकू येणाऱ्या नावाला लावला होता.

इथे मला माझ्या कामातलं थोडं सांगायलाच हवं, कारण डिस्क्रिपन्सी म्हणजे नेमकं काय हे मी तिथेच शिकले. फरक आणि डिस्क्रिपन्सी एक नाही. आंबा आणि फणस यात फरक आहे, डिस्क्रिपन्सी नाही. पण द्राक्षांची तीच पेटी नाशकात चार किलो सहाशे ग्रॅम भरली आणि बंदरावर चार किलो दोनशे भरली तर ती डिस्क्रिपन्सी, कारण ती दोन वजनं जुळायला हवी होती. हे ‘जुळायला हवी होती’ त्या शब्दाच्या पोटातच असतं. आणि कोणतं वजन बरोबर ते हा शब्द सांगत नाही. चूक म्हटलं की कोणीतरी चुकलेलं असतं, डिस्क्रिपन्सी म्हटलं की दोन कागद फक्त एकमेकांकडे बोट दाखवतात, नाशकातला काटा बिघडलेला असेल, बंदरावरचा असेल, किंवा दोन्ही बरोबर असतील आणि वाटेत पाणी सुकलं असेल. शोधायचं काम पुढचं. माझ्या पहिल्या साहेबांनी मला हेच शिकवलं होतं, डिस्क्रिपन्सी दिसली की आधी आरोप करू नकोस, आधी विचार.

आता एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट. परदेशातल्या खरेदीदाराची बँक हमी देते की ठरलेले कागद ठरल्यासारखे आणून दाखवा, आम्ही पैसे देतो. बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नाही, हे नियमातच लिहिलंय. हे नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे, पहिल्यांदा १९३३ साली आले, आणि आत्ता चालतात ते यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून. जगात कागदाला कागद लावून बघण्यात यांच्याइतकं काटेकोर कोणी नसेल असं मला वाटायचं. डिस्क्रिपन्सी निघाली की पैसे अडतात, वर बँक चार्ज लावते तो वेगळा.

पण याच काटेकोर लोकांनी काय ठरवलंय बघा. कागद तपासायला बँकेला पाच बँकिंग दिवस, त्याच्या आत काय ते सांगायचं. नाकारायचं असेल तर एकच नोटीस द्यायची आणि त्या एका नोटिशीत सगळ्या डिस्क्रिपन्सी लिहायच्या. आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरी असं करता येत नाही, केलं तर बँकेचा हक्क जातो. शिवाय खरेदीदाराला विचारून वेव्हर घेता येतो, तो म्हणाला की मला चालेल, तर बहुतेक वेळा मिटतं. आणि स्पेलिंगबद्दल तर त्यांच्या तपासणीच्या पद्धतीत सरळ उदाहरणं दिलीयत, मशीनच्या स्पेलिंगात सी-एचच्या जागी एस-एच पडलं, फाउंटन पेनमधला आय राहिला, मॉडेलमधले ई आणि एल उलटे झाले, तर ती डिस्क्रिपन्सी धरायची नाही, कारण अर्थ बदलत नाही. मॉडेल ३२१ च्या जागी १२३ लिहिलं तर मात्र धरायची, कारण तिथे वस्तूच बदलते. किती शहाणपणाचं आहे हे! कोट्यवधींचा माल, दोन देश, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं, आणि तरी एक अक्षर माफ आहे, का तर कशाबद्दल बोलणं चाललंय ते समजतंय.

आईला मात्र चार खेपांत चार वेगवेगळ्या डिस्क्रिपन्सी सांगितल्या. पहिल्यांदा बाई. मग बँकेचं स्पेलिंग. मग आधारवरची दुसरी वेलांटी. आणि चौथ्यांदा, शाळेचा दाखला जन्मतारखेसाठी लावला होता त्यावरून कोणाच्या तरी लक्षात आलं की ही कुसुम कोण? एका अक्षराला माफी तर सोडाच, सगळं एका कागदावर लिहून द्या एवढंही कोणी केलं नाही. मी दोन कंटेनर कांद्यासाठी जेवढी विचारपूस हक्कानं मागते तेवढी माझ्या आईसाठी मागता येईना, याचा मला राग आला, अजून आहे.

हे आत्ताच इतकं का निघायला लागलं तेही उघड आहे. पूर्वी हे कागद एकमेकांना भेटतच नव्हते. सर्व्हिस बुक ऑफिसच्या कपाटात, रेशनकार्ड देवघराच्या फळीवर, शाळेचा दाखला ट्रंकेत साड्यांच्या खाली. प्रत्येक कागद आपल्या जागी खरा होता. डिस्क्रिपन्सीला दोन कागद लागतात, शेजारी शेजारी ठेवलेले. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, मग २०१७ ला पॅन आधारला जोडायचा कायदा आला, मुदती वाढत वाढत शेवटी १००० रुपये भरून ३० जून २०२३ पर्यंत जोडा नाहीतर पॅन बंद, असं झालं, आणि मग बँक, पीएफ, पेन्शन सगळं एकमेकांशी ताडून बघणं सुरू झालं. पन्नास वर्षं ट्रंकेत शांत पडलेले कागद एकदम समोरासमोर आले. फायदे आहेत त्याचे, बोगस नावं गेली, मी नाकारत नाही. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे कळल्यावर आई घाबरली होती, एकदा दुरुस्त करताना पुन्हा चुकलं तर?

आणि आपली नावं रोमन लिपीत जातात तेव्हा काय काय होतं! व ला व्ही लावायचा की डब्ल्यू, हे घरातल्या दोन भावांचं वेगळं असतं. ळ ला तिकडे जागाच नाही, म्हणून काळे जातात एल घेऊन आणि परत मराठीत येतात ते ‘काले’ होऊन, बऱ्याच जणांच्या कार्डावर हे बघायला मिळतं. माझ्याबरोबर काम करणारी एक गोव्याची मुलगी आहे, तिच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलात नोंदलेला, तिथे नाईक हे आडनाव केच्या जागी क्यू-यू-ई घेऊन, पोर्तुगीज पद्धतीनं. १९६१ ला गोवा मुक्त झाला, शाळेत वडिलांचं नाव के नं लागलं, आणि आता आजोबा आणि वडील कागदावर एकमेकांचे कोणी लागत नाहीत. गोव्यात नाव-आडनाव बदलायचा वेगळा कायदाच आहे, १९९० चा. ती म्हणते आमच्याकडे हे इतकं कॉमन आहे की कोणी दुसऱ्याला समजावून सांगत नाही. आणि इकडे महाराष्ट्रात १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव येणार, स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला हे मनापासून आवडलं, आईचं नाव यायलाच हवं होतं. फक्त माझ्या मनात पहिला विचार हा आला की कोणतं नाव, तांदळातलं की आधीचं?

या सगळ्या धावपळीत मला फरक हा आपला शब्द फार जवळचा वाटायला लागला. आपण आजाऱ्याला विचारतो, ‘काही फरक आहे का?’ आणि तो म्हणतो, ‘आहे, कालपेक्षा फरक आहे’, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे चेहरे खुलतात, कारण फरक म्हणजे बरं वाटणं. वेतन आयोगाचा फरक मिळाला म्हणजे मागचे अडकलेले पैसे आले, बाबांना एकदा असा फरक मिळाला होता त्यातून आमच्या घरी फ्रीज आला. म्हणजे वेगळं होणं हे आपल्या बोलण्यात चांगलंही असू शकतं, माणूस कालच्याशी जुळत नाही म्हणून देवापुढे साखर ठेवतात. डिस्क्रिपन्सीनं कोणाच्या घरी अशी साखर ठेवलेली मी पाहिली नाही. त्या शब्दाला सगळं होतं तसंच राहिलेलं हवं असतं. आणि बाई माणसाचं आयुष्य तर, निदान आईच्या पिढीचं, एका गावातून दुसऱ्या गावात, एका नावातून दुसऱ्या नावात जाण्यावरच उभं होतं, ते जुळणार कसं?

ऑफिसबाहेरच्या टायपिस्टनं सल्ला दिला की गॅझेट करून टाका, राजपत्रात जुनं नाव, नवं नाव छापून आलं की विषय संपला. आई तयारच होईना. म्हणाली, ‘मी नाव बदललंच नाही. मला दिलं ते घेतलं.’ मी समजावलं की आई हा फक्त फॉर्म आहे. तर म्हणाली, ‘फॉर्म असू दे, पण त्यात कुसुम जुनं नाव लिहितील. जुनं कसं? भाऊ अजून त्याच नावानं हाक मारतो.’ यावर मला बोलता आलं नाही.

शेवटी प्रतिज्ञापत्रावर निभावलं. ‘वरील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’ अशा अर्थाचं ते असतं. पुरावा म्हणून लग्नपत्रिका लागली, मामानं जपून ठेवलेली, पिवळी पडलेली, त्यात चि. सौ. कां. कुसुम असं छापलंय आणि घडीवर कागद फाटलाय नेमका तिच्या नावाच्या खाली.

नोटरीकडे जायच्या आदल्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर आई स्वयंपाकघरात दिवा लावून बसली होती, कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान उलटं करून त्यावर लिहीत होती. वकिलांनी सांगितलं होतं दोन्ही नावांनी सही लागेल. शालिनी ती झरकन करते, पन्नास वर्षांची सवय, बँकेत, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, गॅसच्या पावतीवर. कुसुम तिनं दहावीनंतर लिहिलंच नव्हतं. पानभर कुसुम होतं, आधी मोठं, मग जरा लहान, क चा गोल हळूहळू बसत गेलेला. कुसुमच्या पुढे मधलं नाव लिहिताना ती थांबली, कारण मधे बाबांचं नाव लिहायची सवय, आणि कुसुमच्या पुढे बाबांचं येत नाही, तिच्या वडिलांचं येतं. ‘अण्णांचं लिहायचं का गं मग?’ तिनं विचारलं. मी म्हटलं हो. तिनं लिहिलं, आणि मग ते पूर्ण नाव एकदा हलक्या आवाजात वाचलं, शाळेत हजेरी घेताना वाचतात तसं.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या, शिक्के बसले, पेन्शन त्यानंतर दोन महिन्यांनी सुरू झाली. नोटरीच्या ऑफिसातून बाहेर पडल्यावर आई खालच्या झेरॉक्सवाल्याकडे थांबली. मी म्हटलं, आपल्याकडे तीन कॉप्या आहेत, अजून कशाला? म्हणाली, ‘एक भाऊला देते. अण्णांचं नाव आहे ना त्यात.’